जखम भरली तरी कुत्रा थांबला

बेळगावला रेजिमेंटल सेंटरला माझी दुसऱ्यांदा पोस्टिंग झाली, तेव्हा एका रविवारी मी उस्तादांना भेटायला मुधोळकडे गेलो. उस्ताद म्हणजे आम्ही रिक्रूट असताना आम्हाला ड्रिल शिकवणारे हवालदार. पेन्शनवर आल्यापासून ते गावी शेती करतात. घटप्रभेच्या काठचं गाव, घरात मराठी, दाराबाहेर कानडी, आणि अंगणात मुधोळ जातीचा कुत्रा. फोनवर ते एवढंच म्हणाले होते, "ये एकदा. मोत्याला बघून जा. तू कुत्र्यांबरोबर ड्यूटी केलेला माणूस आहेस."

मोत्या पाच वर्षांचा. गोकाककडून येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसच ऊस दिसतो. त्या उसात रानडुकरं शिरतात आणि एका रात्रीत फड आडवा करतात. मोत्याचं काम त्यांना हुसकायचं. तीन वर्षं त्याने ते असं केलं की शेजारचे शेतकरी रात्री त्याला मागून न्यायचे. मग एका पहाटे डुकराने उजव्या खांद्यापासून फासळीपर्यंत सुळा ओढला. अकरा टाके पडले. जखम भरली, केस उगवले, लंगडणं गेलं. पण कुत्रा बांधावर जाऊन बसू लागला. फडात पाऊल टाकेना. उस्तादांनी हाक मारली की तोंड फिरवायचा, जांभई द्यायचा, जमीन हुंगायचा.

"गावातली माणसं म्हणतात, याचं काळीज गेलं. देऊन टाका कुणाला, दुसरं पिल्लू आणा." उस्तादांनी चहाची बशी खाली ठेवली. "फौजेत अशा कुत्र्याचं काय करतात रे?"

मी म्हणालो, "बदली कुत्रा येतो." उत्तर खोटं नव्हतं, पण पुरंही नव्हतं. परतीच्या रस्त्यावर तो प्रश्न माझ्या शेजारच्या सीटवर बसून बेळगावपर्यंत आला. त्यानंतर जे वाचलं, जे आठवलं आणि पुढच्या फेऱ्यांत जे पाहिलं, ते या लेखात लिहितो आहे.

आधी या कुत्र्याविषयी. मुधोळ म्हटलं की मराठी माणसाला घोरपडे आठवतात. घोरपडीच्या साहाय्याने किल्ला चढल्याची आख्यायिका याच घराण्याची. १६४८ साली जिंजीजवळ शहाजीराजांना कैद करण्यात ज्याचा हात होता आणि पुढे ज्याला शिवाजी महाराजांनी मुधोळवर चालून जाऊन मारलं, तो बाजी घोरपडेही इथलाच. विसाव्या शतकात याच घराण्यातल्या मालोजीराव घोरपड्यांनी आसपासच्या बेरड शिकाऱ्यांकडची सडपातळ, वेगवान कुत्री पाहिली, निवडून त्यांची पैदास केली आणि या जातीला नाव मिळवून दिलं. त्यांनी इंग्लंडच्या राजाला, पाचव्या जॉर्जला, एक जोडी भेट दिली असं मुधोळमध्ये आजही अभिमानाने सांगतात. आपल्याकडे लातूर-सोलापूर भागात याच जातीला कारवान म्हणतात, आणि कानाशेपटीला लांब केस असलेल्याला पश्मी. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात एक मुधोळचं होतं. दहा वर्षांनी फौजेनेही मुधोळची पिल्लं मेरठला नेऊन त्यांचं प्रशिक्षण सुरू केलं.

दख्खनमध्ये शिकारी कुत्र्याचा मान त्याहून कितीतरी जुना. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने वेळ कसा घालवावा, हे सांगताना त्यात 'सारमेयविनोद' असं एक प्रकरणच आहे. सारमेय म्हणजे कुत्रा. कुत्री कशी ओळखावी, शिकारीला कशी सोडावी, याचं वर्णन राजाने करावं, एवढं ते महत्त्वाचं होतं. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं. मुधोळपासून फार लांब नाही.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. मुधोळ हा डोळ्याने शिकार करणारा कुत्रा आहे. अरुंद लांब डोकं, खोल छाती, आत गेलेलं पोट, काटकुळे लांब पाय. पूर्ण वेगात असताना एका ढांगेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात. ससा किंवा हरीण उघड्या माळावर पळताना दिसलं की हा सुटायचा. नाकाने माग काढत झुडपात शिरणं हा त्याचा मूळ धंदा नव्हेच. त्याला घडवलं ते दख्खनच्या उघड्या माळाने. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि त्याचं जुनं काम कागदोपत्री संपलं. त्याच सुमारास घटप्रभेच्या कालव्यांचं पाणी वाढत गेलं आणि माळाच्या जागी ऊस उभा राहिला. उस्ताद म्हणतात तसं, "आम्ही शिकार करत नाही, हुसकतो." पण हुसकायला पाठवतो कुठे? जिथे हाताच्या अंतरापलीकडचं दिसत नाही अशा फडात. डोळ्यावर जगणाऱ्या प्राण्याला आपण आंधळ्या जागी पाठवलं, आणि सुळा बाजूने आला तो त्याला दिसलाच नाही.

पहिल्या भेटीत माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं. ध्यानात आलं ते दुसऱ्या एका कुत्र्यामुळे, आणि ती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही.

काही वर्षांपूर्वी जम्मूच्या वरच्या डोंगराळ भागात मी नायब सुभेदार होतो. रोज पहाटे रोड ओपनिंग पार्टी निघायची. कॉनव्हॉय जाण्याआधी रस्ता तपासायचा, प्रत्येक मोरी, प्रत्येक दगडांचा ढीग. आमच्याबरोबर एक काळा लॅब्रॅडॉर असायचा, स्फोटकं शोधणारा. ज्यांनी असा कुत्रा काम करताना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुत्र्याला स्फोटक म्हणजे काय ते ठाऊक नसतं. त्याच्या लेखी तो खेळ असतो. अमुक वास सापडला की चेंडू मिळतो. वास सापडल्यावर त्याने भुंकायचं नाही, उकरायचं नाही, तिथेच शांत बसायचं. तो बसला की हँडलर आणि आम्ही सगळे जागच्या जागी थांबतो. त्या बसण्यावर आमचे जीव असतात. शोधण्याची ही जी ओढ असते, तिला प्रशिक्षणात ड्राइव्ह म्हणतात.

त्या लॅब्रॅडॉरला आमच्याकडे येण्याआधी एका स्फोटात मागच्या पायाला छर्रे लागले होते. उपचार झाले, तो ड्यूटीसाठी फिट ठरला, परत आला. पहिले काही दिवस बरा चालला. मग एका सकाळी तिसऱ्या मोरीच्या दहा पावलं अलीकडे तो आडवा पडला. मी हँडलरला म्हणालो, "फिर से भेजो." त्याने पाठवलं. कुत्रा दोन पावलं गेला, ओठ चाटले, मान वळवली आणि पुन्हा पडला. मागे कॉनव्हॉय उभा होता, रेडिओवर दोनदा विचारणा झाली होती.

हँडलर म्हणाला, "साब, इसको दर्द है."

मी म्हणालो, "दर्द नहीं, डर है."

आम्ही यंत्र आणि नजर वापरून रस्ता उघडला, पाऊण तास उशिरा. काही सापडलं नाही. संध्याकाळी मी तोंडी आणि लेखी दोन्ही कळवलं की हा कुत्रा भरवशाचा राहिलेला नाही. जवानांसमोर मी त्याला कामचोर म्हटलं, ते हँडलरने ऐकलं. चार दिवसांत दुसरा कुत्रा आला. पहिला खाली गेला. मी पुन्हा चौकशी केली नाही.

आठ-नऊ महिन्यांनी सुट्टीवर जाताना ट्रान्झिट कॅम्पमध्ये तोच हँडलर भेटला. त्याने राग धरला नव्हता, चहा त्यानेच आणला. त्याने सांगितलं की खाली एक्स-रे काढला तेव्हा कुत्र्याच्या मागच्या सांध्यात दोष निघाला. चालताना फारसं दुखत नसे. दुखायचं ते बसताना.

मला ते समजायला एक क्षण लागला. त्याचं सगळं काम बसण्यावर संपत होतं. वास शोधायचा आणि बसायचं. म्हणजे जेव्हा जेव्हा त्याने काम नीट केलं, तेव्हा तेव्हा त्याला कळ आली. सराव असो की ड्यूटी, यश मिळालं की दुखणं ठरलेलं. काही आठवड्यांत कुत्रा जे शिकला ते असं, की शोधलं की दुखतं. मग त्याने शोधणं सोडलं. मी त्याला डर म्हणालो होतो. शब्द एका अक्षराने जवळचे, पण त्या अक्षरात त्याची नोकरी गेली.

या विषयावर पुढे जे वाचलं त्यातली सर्वांत जुनी नीट नोंद आहे ती रशियातली. पाव्हलॉव्हचं नाव शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं असतं. घंटा वाजली की कुत्र्याला लाळ सुटते, तो पाव्हलॉव्ह. शाळेत जे सांगत नाहीत ते असं. २३ सप्टेंबर १९२४ रोजी लेनिनग्राडमध्ये नेवा नदीला मोठा पूर आला. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांच्या खोल्यांत पाणी शिरलं. वादळ, लाटा, उन्मळून पडणारी झाडं, अशा गदारोळात कुत्र्यांना गटागटाने पोहवत प्रयोगशाळेच्या इमारतीत आणावं लागलं. कुत्री वाचली. अंगावर जखम नाही, खाणंपिणं ठीक. पण प्रयोगाच्या टेबलावर उभी केली तेव्हा त्यांपैकी काही कुत्र्यांचं वर्षानुवर्षांचं शिक्षण पुसल्यासारखं झालं होतं. संकेत दिला तरी लाळ नाही, समोर ठेवलेलं अन्नसुद्धा खाईनात. सगळ्यांना सारखा धक्का बसला नव्हता. काही कुत्री दुसऱ्या दिवसापासून नेहमीसारखी वागली, काहींना आठवडेच्या आठवडे लागले.

त्या नोंदीतल्या दोन गोष्टी मी वहीत उतरवून ठेवल्या. पहिली अशी. कुत्रा एकटा खोलीत असला की काम करीना, पण त्याच्याबरोबर रोज काम करणारा माणूस खोलीत येऊन बसला की शिकलेलं परत येऊ लागे. माणूस दिसलाच पाहिजे असंही नव्हतं. त्याचे कपडे कुत्र्याच्या नजरेआड ठेवले तरी फरक पडे. दुसरी गोष्ट अशी. बऱ्याच दिवसांनी कुत्रा पुरता सावरला असं वाटल्यावर त्यांनी दाराखालून खोलीत थोडं पाणी सोडलं. आवाज न करता, नुसता एक ओघळ. कुत्रा बिथरला, आणि सावरलेलं सगळं पुन्हा गेलं.

मोत्यासाठी उसाचा फड हा तो ओघळ होता.

माणसांच्या बाबतीत फौजांनी हेच शिकायला किती वेळ घेतला, तेही पाहण्यासारखं आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांतून असे शिपाई मागे येऊ लागले ज्यांच्या अंगावर घाव नव्हता, पण हात थरथरत, बोलणं बंद, पाय जागचा हलेना. १९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 'लॅन्सेट'मध्ये त्यावर लिहिलं आणि 'शेल शॉक' हा शब्द छापील झाला. शब्द मिळाला तरी समज आली नाही. त्या युद्धात पळून जाणं, भेकडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश आणि साम्राज्याच्या फौजेतल्या तीनशेहून अधिक शिपायांना त्यांच्याच माणसांनी गोळ्या घातल्या. त्यांना माफी मिळाली ती २००६ साली, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांनी. त्यांतले काही खरोखरच पळाले असतील. पण किती जणांना आधी कुणी डॉक्टरने नीट तपासलं होतं?

त्याच युद्धात ब्रिटिशांनी निरोपे कुत्रे वापरले. कर्नल रिचर्डसन यांनी १९१७ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर शूबरीनेस इथे युद्धश्वानांची शाळा काढली. त्या कुत्र्यांचं काम करण्याची पद्धत फार साधी होती. कुत्र्याचा सांभाळ करणारा शिपाई मागच्या ठाण्यावर राहायचा. दुसरा कुणीतरी कुत्र्याला आघाडीवर न्यायचा. निरोप गळपट्ट्याला बांधून कुत्रा सोडला की तो तोफांच्या माऱ्यातून, चिखलातून धावत आपल्या माणसाकडे परत यायचा. निरोपाशी त्याला काही देणंघेणं नसे. तो माणसाकडे धावत असे. लेनिनग्राडच्या खोलीत कपड्यांच्या वासाने जे झालं, तेच इथे तोफांखाली होत होतं, असं मला वाटतं. ड्राइव्ह ही वस्तू कुत्र्याच्या पोटात ठेवलेली नसते. ती कुत्रा आणि त्याचा माणूस यांच्यामध्ये असते.

यानंतर बराच काळ कुत्र्याच्या मनाच्या जखमेकडे फौजांनी अधिकृतपणे पाहिलं नाही. इराक आणि अफगाणिस्तानातल्या लढायांनंतर अमेरिकेत टेक्सासमधल्या लॅकलंड तळावरच्या लष्करी पशुवैद्यांना, विशेषतः वॉल्टर बर्गहार्ट यांना, एकसारखी लक्षणं दिसू लागली. काही कुत्री अतिसावध झाली, काही चिडकी, काही आपल्याच हँडलरला चिकटून राहू लागली किंवा त्याच्यापासून लांब गेली, आणि काहींनी येत असलेलं काम करणं थांबवलं. २०११ च्या अखेरीस जी माहिती बाहेर आली तिच्यानुसार तैनात असलेल्या सुमारे ६५० कुत्र्यांपैकी पाच टक्क्यांहून अधिक कुत्र्यांना हा त्रास होता. उपाय म्हणजे काही जादू नव्हती. आधी विश्रांती, मग भीतीच्या गोष्टीशी लांबून, हळूहळू ओळख, गरज पडली तर औषध, आणि तरीही जमलं नाही तर सन्मानाने निवृत्ती.

आता आपलं घर. आपल्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरचा इतिहास १७७९ पासूनचा, पण तो मुख्यतः घोड्यांचा आणि खेचरांचा. मेरठला कुत्र्यांच्या प्रशिक्षणाची सोय झाली ती १९६० साली. तेव्हापासून या कुत्र्यांनी किती जवान घरी परत पाठवले याचा हिशेब कुणाला मांडता येणार नाही, कारण जो स्फोट झालाच नाही त्याची यादी नसते. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनागला 'झूम' नावाच्या बेल्जियन मॅलिन्वाला दोन गोळ्या लागल्या, तरी तो अतिरेक्याला सोडेना. तीन-चार दिवसांनी श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात त्याने प्राण सोडला. त्याच वर्षी जुलैमध्ये बारामुल्लाला 'ॲक्सल' गेला, २०२३ मध्ये राजौरीला 'केंट', २०२४ मध्ये अखनूरला 'फँटम'. २०२० साली पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये आपल्या बीड पोलिसांच्या 'रॉकी'चा उल्लेख केला, तेव्हा अनेकांनी मला तो भाग पाठवला होता. या सगळ्यांना सलाम आहे.

पण या यादीकडे पाहताना एक गोष्ट जाणवते. आपण ज्यांच्या गोष्टी सांगतो ते सगळे गोळी लागल्यावरही न थांबलेले. गोळी लागल्यावर वाचलेले, बरे झालेले आणि मग एका सकाळी मोरीपाशी आडवे पडलेले, त्यांच्या गोष्टी कुणी लिहीत नाही. आणि कौतुकाची फूटपट्टी एकदा झूमच्या मापाची झाली की बाकीचे सगळे आपोआप आखूड दिसतात. कामाला अयोग्य ठरलेल्या कुत्र्यांना पूर्वी आपल्याकडे झोपवलं जात असे. २०१५ च्या सुमारास माहितीच्या अधिकारातून ते लोकांसमोर आलं, दिल्ली उच्च न्यायालयात याचिका गेली आणि धोरण बदललं. आज निवृत्त कुत्र्यांना दत्तक दिलं जातं, सांभाळलं जातं. हा बदल चांगलाच आहे. माझा लॅब्रॅडॉर त्या बदलाच्या अलीकडचा होता की पलीकडचा, ते मी ट्रान्झिट कॅम्पमध्ये हँडलरला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

उस्तादांच्या प्रश्नाचं पुरं उत्तर घेऊन मी महिन्याभराने पुन्हा मुधोळला गेलो. या वेळी फडाकडे गेलोच नाही. कापणी झालेल्या जोंधळ्याच्या मोकळ्या रानात गेलो. उस्तादांच्या पुतण्याच्या मोटारसायकलला लांब दोरी बांधली, टोकाला पोत्याचा तुकडा. गाडी निघाली, पोतं उड्या मारत पळू लागलं. मोत्याचे कान उभे राहिले. पुढच्या क्षणी तो आमच्याजवळ नव्हता.

उस्ताद उभेच राहिले. तीन महिने ज्याचं काळीज गेलं म्हणत होते, तो धुरळा उडवत चालला होता. म्हणजे ओढ गेलेली नव्हती. पण पुतण्याने गाडी वळवली तेव्हा मी जे पाहायला आलो होतो ते दिसलं. डावीकडे वळताना कुत्रा चटकन वळला. उजवीकडे वळताना त्याने मोठा फेरा घेतला, खांद्यावर भार येऊ दिला नाही. चालताना जे दिसत नव्हतं ते वेगात दिसलं. आम्ही एकदाच पळवलं आणि थांबवलं. पुढच्या आठवड्यात जनावरांच्या डॉक्टरांनी खांदा दाबून पाहिला. वरची कातडी छान भरली होती, आत स्नायू आकसून घट्ट झाला होता. त्यांनी शेक, मालीश, पट्ट्याने रोज थोडं थोडं चालणं सांगितलं आणि दोन महिने पळवायचं नाही म्हणाले.

मग मी उस्तादांना जे समजलं होतं ते सांगितलं. आधी अंग बघायचं, नुसतं चालवून नाही, जे काम करताना तो थांबतो तीच हालचाल करून. अंग बरं असेल तर जागा बघायची, कुठे थांबतो, किती पावलांवर, आणि तिथे काय झालं होतं. मग माणूस बघायचा, म्हणजे स्वतःला. आपण त्याच्यावर ओरडलो का, ओढत नेलं का, घाईत होतो का. ओढत नेलं तर कुत्रा एवढंच शिकतो की फडही दुखवतो आणि मालकही दुखवतो. फडापासून लांब, जिथे तो निवांत असतो तिथे बसायचं, भाकरीचा तुकडा द्यायचा, उठून घरी यायचं. दुसऱ्या दिवशी चार पावलं पुढे. तो मागे सरला तर आपणही मागे. आणि हे सगळं करूनही तो फडात गेला नाही, तर मुळात त्याची ती जागा होती का, हा प्रश्न आपण आपल्याला विचारायचा.

उस्ताद बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ओढत नेलं होतं मी. दोनदा."

उस्तादांनी आम्हाला ड्रिल शिकवताना कधी चूक कबूल केल्याचं मला आठवत नाही. मी माझ्या लॅब्रॅडॉरची गोष्ट त्यांना त्याच दिवशी पहिल्यांदा सांगितली.

ही गोष्ट सगळं ठीक झालं म्हणून संपत नाही. मोत्याचा खांदा सुधारला. मोकळ्या रानात तो पुन्हा पळतो, दोन्ही बाजूंना वळतो. बांधावर बसून रात्री भुंकतो, आणि त्या भुंकण्याने डुकरं पुष्कळदा परततात. पण फडात तो गेला नाही. एकदा काठावरून आत सहा-सात पावलं गेला, असं उस्तादांनी फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांचा आवाज पासिंग आउट परेडच्या दिवशी असतो तसा होता. नंतर तेवढंही नाही. उसासाठी आता ते बांधाला तार लावतात, रात्री बॅटरी घेऊन फेरी मारतात. दुसरं पिल्लू आणलं नाही. "याचा माळ याला दिला," म्हणतात.

गेल्या जत्रेला मी गेलो होतो. पालखी निघाली आणि फटाके सुरू झाले. मी पाहिलं, उस्ताद गर्दीतून हळूच मागे सरले आणि घरात जाऊन बसले. ते कुठल्या कुठल्या लढाईत होते ते मला माहीत आहे, ते त्याबद्दल बोलत नाहीत, आणि मीही विचारत नाही. दहा मिनिटांनी मी आत डोकावलो. ते खाटेवर होते, मोत्या खाटेखाली. मी दार लोटून घेतलं आणि बाहेर पायरीवर बसलो.

जे आता पेन्शनवर आहेत, आणि ज्यांच्या ओळखीत असा एखादा थांबलेला कुत्रा किंवा माणूस आहे, त्यांनी त्याला काय झालं हे ठरवायच्या आधी तो नेमका कुठे थांबला ते एकदा जाऊन बघावं.

जय हिंद.